पुण्याचा पगार, कोल्हापूरचं घर

शहरांची किंमत केंद्र सरकारने कधीच ठरवून टाकली आहे. घरभाडे भत्त्यासाठी देशातल्या शहरांचे तीन वर्ग आहेत: एक्स, वाय आणि झेड. पन्नास लाखांच्या वर वस्ती असेल तर एक्स, पाच ते पन्नास लाख असेल तर वाय, उरलेली सगळी झेड. जानेवारी २०२४ पासून या तीन वर्गांत मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के भत्ता मिळतो. मुंबई-पुणे एक्समध्ये आहेत. कोल्हापूर आणि सांगली वायमध्ये, पण काठावर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत ५ लाख ४९ हजार माणसं होती आणि सांगली-मिरज-कुपवाडच्या हद्दीत ५ लाख २ हजार. सातारा, रत्नागिरी झेडमध्ये. म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला बदली घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला सरकार सांगतं की बाबा रे, तिथं तुझं भागेल, दहा टक्के आम्ही ठेवून घेतो.

खासगी नोकरीतल्या माणसाचे हे दहा टक्के सहसा कापले जात नाहीत. घरून काम करायची मुभा मिळाली की पुण्याचा पगार अख्खाच्या अख्खा कोल्हापुरात येऊन पोचतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर ‘चला, लहान शहरात जाऊन राहू’ ही जी बोलाचाली मध्यमवर्गीय घरांतून सुरू झाली, तिच्या मुळाशी हा फरक आहे. मोकळी हवा, साधं जगणं, मातीची ओढ वगैरे मागून येतं. मला त्यात वावगं काही दिसत नाही. पैशाचा विचार करणं हा काही गुन्हा नव्हे. फक्त हिशेब मांडायचाच तर पुरता मांडावा. कारण या हिशेबातले बरेचसे खर्च निर्णय घेणाऱ्याच्या नावावर पडत नाहीत. ते घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडतात आणि म्हणून ते कागदावर येतच नाहीत.

आधी जमेची बाजू, कारण ती खरोखरच मोठी आहे. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला विचारा. दिवसाचे दोन-अडीच तास तो पुढच्या गाडीचा नंबर वाचत काढतो. त्यासाठी त्याला कुणी पगार देत नाही आणि तो वेळ कुठल्या कामाचाही होत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतून निघून स्कूटरवर रंकाळ्याला पोचायला पाऊण तास लागला तर माणूस घरी येऊन त्याची तक्रार सांगतो. दुपारी घरी जेवायला येणारे दुकानदार, वकील, बँकेतले लोक इथे अजून आहेत. रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावं, तिथे म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. आजूबाजूला उभे असलेले लोक पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या फुटबॉल सामन्यावर हमरीतुमरीवर आलेले असतात. शाहू स्टेडियमवरचा सामना कामाच्या वारी असला तरी गॅलरी ओस पडत नाही. ज्या शहराला दुपारी तीन वाजता फुटबॉल बघायला सवड आहे, तिथे जगणं काही वेगळ्या मापाने चालत असणार, हे उघड आहे.

आणि आईवडील. लहान शहरात परत येणाऱ्यांची कारणं ऐकली की बाकी सगळ्या गोष्टींच्या खाली हेच निघतं. वडिलांचा गुडघा, आईची शुगर, बंद ठेवलेली वरची खोली. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

तरीही माणसं मोठं शहर सोडत नाहीत, ही गंमत आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. कोकणातली घट समजण्यासारखी आहे. मुंबई शहर जिल्हा मात्र ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आला. ही अडीच लाखांची तूट कुठे गेली असेल? जागा महागली म्हणून दादर-परळहून उठलेली माणसं सहसा कोल्हापूर-साताऱ्याला गेली नाहीत. ती वसई-विरारला गेली, कल्याण-बदलापूरला गेली, लोकलला लोंबकळण्याचं अंतर वाढवून घेतलं आणि तिथेच राहिली. खरोखर गावी परतली ती माणसं १९८२ च्या संपात गिरणी सुटलेली, आणि त्यांच्या परतण्याला तेव्हा कुणी जीवनशैलीचा निर्णय म्हटलं नव्हतं.

विरारच्या त्या माणसाला हिशेब कळत नाही असं समजणं हा आगाऊपणा होईल. त्याला तो पक्का कळतो. मुंबईत एक नोकरी गेली तर दुसरी आहे, हे त्याला ठाऊक आहे. या ‘दुसरी आहे’साठी तो रोज दोन्ही वेळचे धक्के खातो.

याचा एक जुना दाखला कोल्हापूरचाच आहे. १९२९ साली व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. यातली बहुतेक माणसं बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली होती. गावात कारागीर होते, संस्थानचा कलेला आधार होता, मल्ल होते, घोडे होते, चित्रीकरणाला मोकळं रान होतं. तरी १९३३ मध्ये प्रभातने बस्तान पुण्याला हलवलं आणि १९४२ मध्ये शांताराम पुणंही सोडून मुंबईला गेले, परळला राजकमल उभं केलं. भालजी पेंढारकरांनी कोल्हापूर धरून ठेवलं. जयप्रभा स्टुडिओ त्यांनी कितीतरी वर्षं चालवला, उतारवयात त्यांना फाळके पुरस्कार मिळाला, कोल्हापूर आजही त्यांचं नाव आदराने घेतं. पण भालजींच्या मागे इथला चित्रपटधंदा टिकला नाही. त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. एखादा व्यवसाय एकदोन कर्त्या माणसांच्या खांद्यावर उभा असतो, तेव्हा त्या माणसांचं वय झालं की व्यवसायाचंही होतं. मुंबईत एक स्टुडिओ बंद पडला तर त्यातला लाइटमन, एडिटर, मेकअपवाला दुसऱ्या सोमवारी दुसऱ्या स्टुडिओच्या दारात उभा असतो. कोल्हापुरात तो कुठे उभा राहणार?

म्हणून लहान शहरात नोकऱ्या नाहीत, हे सरसकट विधान मला पटत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्रीत काम करणारा मोल्डर किंवा सीएनसी ऑपरेटर मालकाशी वाजलं तर रस्ता ओलांडून पलीकडच्या कारखान्यात लागतो. इचलकरंजीत मागावरच्या कामगाराचं तेच, हुपरीत चांदीच्या कारागिराचं तेच. त्यांच्या धंद्यापुरतं ते शहर मोठंच आहे. प्रश्न तुमच्या धंद्याचा आहे. वाहनांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या किंवा औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी याच कोल्हापुरात दुसरं दार मोठ्या मुश्किलीने सापडतं. त्याचा लॅपटॉप चालू आहे तोवर सगळं ठीक. ज्या दिवशी कंपनीचा मेल येतो की पुढच्या महिन्यापासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हजर राहायचं, त्या दिवशी त्याला कळतं की कोल्हापुरात फक्त त्याचा पगार राहायला आला होता, नोकरी पुण्यातच होती. आणि तोवर घराचे हप्ते सुरू झालेले असतात.

आता घरातल्या दुसऱ्या पगाराकडे वळू. बहुतेक वेळा एकाचं काम घरून होणारं असतं आणि दुसऱ्याचं नसतं. हा ‘दुसरा’ फार वेळा ‘दुसरी’ असते. ती पुण्यात एखाद्या प्रयोगशाळेत असते, इस्पितळाच्या प्रशासनात असते, शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत असते. कोल्हापुरात आल्यावर तिला निम्म्या पगाराची जागा मिळते, तीही मिळाली तर, किंवा मग ‘थोडा ब्रेक घेते’ असं ठरतं. हा ब्रेक संपल्याचं मी क्वचितच पाहिलंय. भाड्यात वाचलेली रक्कम मोठ्या अभिमानाने सांगितली जाते आणि हा बुडालेला पगार ‘मुलांकडे लक्ष देता येतं’ या सदरात टाकला जातो. नवरे याला काटकसर म्हणतात.

पण पैशाच्या पलीकडचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्या शहरात कामं पैशावर होतात आणि लहान शहरात ती ओळखीवर होतात, असं ढोबळमानाने म्हणता येईल. घर बघायला गेलात की जिना चढता चढता घरमालक विचारतो, “पाव्हणं, गाव कुठलं?” तुम्ही गाव सांगता. “आडनाव?” ते सांगता. “म्हणजे त्या खालच्या आळीतले काय? तुमचे मामा कुठले?” चहा येईपर्यंत तुमची तीन पिढ्यांची कुंडली मांडून झालेली असते, आणि अजून भाड्याचा आकडा निघालेला नसतो. प्लंबर ॲपवरून बोलावून येईल याची खात्री नसते, शेजारच्या काकूंनी फोन केला की तो अर्ध्या तासात हजर होतो. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर चुलतभावाचा वर्गमित्र असलेला डॉक्टर चप्पल पायात अडकवून निघतो आणि वाटेतच इस्पितळात फोन करून खाट सांगून ठेवतो. मोठ्या शहरात याची किंमत कितीही पैसे मोजून चुकवता येत नाही. ज्याला हे वारशाने मिळालंय त्याने कोल्हापूरला परत यावं, डोळे झाकून यावं.

ज्याला वारशाने मिळालेलं नाही त्याचं काय? आणि ज्याच्या आडनावामुळे जिन्यातच संभाषण थंडावतं, त्याचं काय?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याचा जो समाचार घेतला तो आजही ऐकवत नाही, इतका कठोर आहे. खेड्याला आदर्श मानणाऱ्यांना तिथला कोतेपणा आणि जातीयता दिसत नाही, हा त्यांचा रोख होता. कोल्हापूर म्हणजे खेडं नव्हे, हे मान्य. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या राजाचं हे गाव आहे. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत याच शाहू महाराजांनी आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे वाखाणलं. त्या परंपरेचा इथल्या माणसाला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. तरीही जिन्यातला प्रश्न सुटत नाही. कुणी म्हणेल, मुंबईच्या सोसायट्या कुठे सोवळ्यातून बाहेर आल्यात? तिथेही धर्म बघून, मांसमच्छी बघून घर नाकारतात. नाकारतात, आणि ते संतापजनक आहे. पण मुंबईत एका सोसायटीने दार लावलं तर ती बातमी पुढच्या सोसायटीत पोचत नाही. लहान शहरात तुमच्या आधी ती पुढच्या जिन्यात गेलेली असते.

ओळखीचा हा सगळा कारभार बायकामुलींवर जास्त चालतो. सतरा वर्षांची मुलगी वर्गातल्या मित्राबरोबर रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाते, आणि ती घरी पोचायच्या आत तिच्या वडिलांना कुणीतरी ‘सहज’ फोन केलेला असतो. वडील म्हणतात, बघा, इथे मुली किती सुरक्षित आहेत, सगळ्यांचं लक्ष असतं. मुलगी त्याच लक्षाला पाळत म्हणते. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण माझं मत मुलीकडे झुकतं, कारण ती किंमत ती मोजते आहे. घटस्फोट घेतलेली बाई, एकटी राहणारी बाई, घरच्यांच्या मर्जीबाहेर लग्न केलेलं जोडपं, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, अशा सगळ्यांना मोठ्या शहराने आणखी काही दिलं असो वा नसो, एक गोष्ट नक्की दिली: शेजाऱ्याला त्यांचं नाव माहीत नसणं. वन-बीएचकेच्या भाड्यात ही सोयही धरलेली असते. घरात असं कुणी असेल तर भाड्यातल्या फरकाचा हिशेब त्यांना विचारून करावा.

लहान शहराची आणखी एक अडचण सहसा बोलली जात नाही. तिथे प्रत्येक गोष्ट एकेकच असते. शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मुंबईत एखादं नाट्यगृह बंद झालं तर लोक हळहळतात आणि दुसऱ्या नाट्यगृहात प्रयोग बघतात. कोल्हापूरला त्या तोडीचं दुसरं नव्हतंच. पुण्याकडे जाणारा महामार्ग एकच. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ त्यावर पाणी आलं आणि शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध कित्येक दिवस तुटला. पेट्रोल मोजून मिळत होतं. नदीतून पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी आणि घरात प्यायला टँकरची वाट, अशी गत झाली.

त्या महिन्यात इथल्या माणसाचं दुसरं रूपही दिसलं, हेही सांगायला हवं. तालमींची आणि मंडळांची पोरं कमरेएवढ्या पाण्यात शिरून लोकांना काढत होती. कुठल्या घरात दोन म्हातारी माणसं एकटी आहेत हे त्यांना कुठल्या यादीवरून कळलं नव्हतं, त्यांना ते ठाऊकच होतं. वर ज्या ओळखीला पाळत म्हटलं, तिचाच हा दुसरा उपयोग. यातलं एक ठेवून दुसरं काढून टाकता येईल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पावसाळ्यात कोल्हापूरकराचं लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीकडे असतं. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे इथे पानटपरीवर कळतं. बाहेरून आलेला माणूस मार्चमध्ये घर बघतो, सातव्या मजल्यावरून हिरवंगार नदीपात्र दिसतं म्हणून बयाणा देतो, आणि २०१९ ला पार्किंगमध्ये पाणी कुठवर होतं हे विचारायचं त्याला सुचत नाही. जुना रहिवासी आधी हेच विचारतो. विचारलं तर वॉचमन भिंतीवरची खूण दाखवतो, रंगाचे दोन हात देऊनही ती बहुतेक ठिकाणी दिसते.

जो पुण्याचा पगार आणतो तो शहराचंही काहीतरी बदलतो, हा मुद्दा परतून येणाऱ्यांना आवडत नाही. त्याला जो फ्लॅट स्वस्त वाटतो तो गोकुळ शिरगावच्या सुपरवायझरला किंवा विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिकेला आधीच परवडत नव्हता. बिल्डर गिऱ्हाईक बघून दर सांगतो. आणि हा नवा रहिवासी शहराच्या भांडणात सहसा नसतो. शहराच्या रस्त्यांवर लावलेला टोल कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं आंदोलन करून हटवला. त्या लढ्यात कॉम्रेड गोविंद पानसरे होते, पेठांमधली साधी माणसं होती. २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर पाच वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिला, तेव्हा गल्लीतला कचरा कुणाला सांगायचा हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. ज्याची नऊ ते सात मीटिंग पुण्याबरोबर चालू असते, तो या शहरात झोपायला असतो असंच म्हणावं लागेल.

माझा कल विचाराल तर पंचविशीतल्या मुलामुलीने लहान शहराच्या वाटेला जाऊ नये. त्या वयात चुका करायला आणि नोकऱ्या बदलायला जागा लागते. शिवाय दर रविवारी रात्री कोल्हापूरहून पुण्याला निघणाऱ्या बसमध्ये इथलीच इंजिनीअर झालेली मुलं भरलेली असतात. ती उलट्या दिशेने का जातात, याचा विचार येणाऱ्याने करावा. पन्नाशी ओलांडलेल्याने, ज्याचं कर्ज फिटलंय आणि ज्याचं इथे गणगोत आहे, त्याने खुशाल यावं. मिरज शेजारी आहे, डॉ. वॉनलेस यांच्या इस्पितळापासून सव्वाशे वर्षं तिथे वैद्यकीची परंपरा आहे. म्हातारपणाच्या बहुतेक दुखण्यांसाठी मुंबई गाठावी लागत नाही. मधल्या वयाच्या दोन पगारांच्या घराने मात्र आधी ज्याचा पगार बुडणार आहे त्याला किंवा तिला बोलू द्यावं, मग मुलांना, आणि ज्याला हे सगळं सुचलं त्याने सर्वांत शेवटी बोलावं.

चित्र बदलू शकतं, नाही असं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. चार दशकांहून जास्त काळ वकिलांनी आणि पक्षकारांनी ही मागणी लावून धरली होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात. चंदगडच्या शेतकऱ्याची रात्रभर गाडीत बसून मुंबईला जायची पाळी टळली, ही झाली सोय. त्याहून मोठी गोष्ट अशी की कायद्याचं काम करणाऱ्या माणसासाठी या शहरात दुसरं, तिसरं, दहावं दार उघडलं. नवरा-बायको दोघंही वकील असलेलं जोडपं आज कोल्हापूरला येण्याचा विचार करू शकतं, आणि त्यात कुणाला ब्रेक घ्यावा लागत नाही. सरकारने अशा दहा संस्था मुंबईबाहेर हलवल्या तर लोकांना लहान शहरांत जा म्हणून सांगायची गरज उरणार नाही. बाकीच्या व्यवसायांत तसं घडेपर्यंत घर भाड्याचंच घ्यावं. अकरा महिन्यांचा करार जूनमध्ये सुरू करावा, म्हणजे डिपॉझिट अडकलेलं असतानाच पहिला पावसाळा बघून होतो.